इसबाची खाज आणि घरातली तेलं-मलमं

मंडळी, दिवाळी सरून हवेत कोरडा गारवा आला, की आमच्या दवाखान्यात इसबाची पोरं येऊ लागतात. मागच्या मार्गशीर्षात एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या लवणीत कातडी जाड, काळपट आणि भेगाळलेली होती. ओरबाडून ओरबाडून रक्त आलेलं. आई म्हणाली, "डॉक्टर, रात्रभर खाजवते हो ही, घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. आणि शाळेत बाईंनी हिला कोपऱ्यात वेगळं बसवलंय. लागट आहे म्हणतात."

त्या बाईंना तरी दोष कसा द्यावा? नायटा, खरूज आणि इसब ही तिन्ही दुखणी खाजेचीच. पैकी पहिली दोन खरोखरच एकाची दुसऱ्याला लागतात. नायट्याचा चट्टा बहुधा गोल असतो, कडेला लालसर आणि मध्ये बरा होत गेलेला, आणि तो कडेनं वाढत जातो. खरूज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती उठते आणि रात्री घरातली चार माणसं एकदम खाजवू लागतात. इसब मात्र कुणापासून कुणाला लागत नाही. पाटीला पाटी लावून बसा, एका ताटात जेवा, एका पांघरुणात निजा, तो शेजाऱ्याकडे जायचा नाही. शिक्षक बंधुभगिनींनी एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ मुलांचं अर्धं दुःख कमी होईल.

मग हे दुखणं येतं कुठून? आपल्याकडे म्हणतात, रक्त खराब झालं, अंगात उष्णता वाढली. तसं नाही. जुन्या वाड्याची भिंत डोळ्यांपुढे आणा. विटा एकावर एक रचलेल्या आणि मध्ये चुना. आपल्या कातडीचा वरचा थर असाच आहे. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. इसबाच्या माणसात हा चुनाच कमकुवत असतो. त्यामुळे आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग आतली राखणदार यंत्रणा चवताळते, कातडी लाल होते, खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी ढासळते, आणि ढासळली की आणखी खाजतं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन ही भिंत पक्की ठेवतं. ते कमी पडण्याचा दोष जन्मतःच असला तर इसबाचा संभव पुष्कळ वाढतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. सगळ्याच रोग्यांत हा दोष सापडत नाही. पण घरात कुणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर त्याच घरात इसबही दिसतो, हा अनुभव जुना आहे. "इसब दाबला तर दमा उसळतो" ही समजूत त्यातूनच निघाली असावी. दोन्ही एकाच मुळाच्या फांद्या आहेत. एकीवर इलाज केला म्हणून दुसरी फुटत नाही.

भिंतीचा चुना निघाला तर आपण गिलावा करतो. इथंही तेच. कातडीवर स्निग्ध थर द्यायचा आणि तो रोज, दिवसातून दोन-तीनदा द्यायचा. कातडी बरी दिसू लागली म्हणून थांबायचं नाही.

आता प्रश्न येतो, कोणतं मलम सर्वांत चांगलं? माझ्याकडे लोक जाहिरातींची कात्रणं घेऊन येतात. २०२२ साली ब्रिटनमध्ये साडेपाचशे मुलांवर पातळ मलम, घट्ट मलम, जेल असे चार प्रकार लावून पाहिले गेले. गुणात फरक आढळला नाही. तेव्हा मूल जे लावून घेईल आणि आपल्या खिशाला जे परवडेल, ते चांगलं. महाग डबी आणून ती जपून, बोटभर लावण्यापेक्षा स्वस्तातली सढळ हातानं लावलेली केव्हाही बरी. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत मलम लागतं, हे ऐकून आया दचकतात. पण तेवढं लागतंच.

आमच्या भागात साधं व्हॅसलीन सर्वांत सोयीचं. चेसब्रो नावाच्या अमेरिकन माणसानं १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून ओलावा कोंडून धरण्यात त्याच्या तोडीचं फारसं काही निघालेलं नाही. वास नको, रंग नको, औषध नको. थोडं चिकट होतं आणि उन्हाळ्यात मुलं कुरकुरतात, हे खरं. तेव्हा दिवसा पातळ काही लावावं आणि रात्री व्हॅसलीन.

कोकणातल्या श्रोत्यांच्या घरी खोबरेल तेल आहेच. फिलिपिन्समध्ये मुलांवर आठ आठवडे प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात शुद्ध खोबरेल तेलानं खनिज तेलापेक्षा जास्त गुण आला. मात्र तेल घाण्याचं, बिनवासाचं असावं. केसांना लावायचं सुगंधी तेल नको, त्यातला वासच पुष्कळांना बाधतो.

शेंगदाण्याच्या गोडेतेलाचं मात्र सांभाळा. आपल्याकडे ते प्रत्येक फडताळात असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. इसबानं फुटलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांना पुढे शेंगदाण्याचं वावडं जास्त आढळलं, असं २००३ साली ब्रिटनमध्ये दिसून आलं. पदार्थाची ओळख पोटातून न होता फुटलेल्या कातडीतून झाली, की शरीर त्याला शत्रू समजून बसतं. याच कारणासाठी बाळाच्या चिघळलेल्या अंगाला डाळीच्या पिठानं चोळू नये. मोहरीचं तेलही नको, ते झोंबतं.

आयुर्वेदातलं शतधौत घृत म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असेल. तूप पाण्यात शंभर वेळा फेटून धुवायचं, की ते लोण्यासारखं पांढरं, गार आणि मऊ होतं. लावताच आग शमते. माझा त्याला विरोध नाही. फक्त ते ताजं असावं, खवट झालेलं लावू नये, आणि डबीत बोटं बुडवू नयेत, स्वच्छ चमच्यानं काढून घ्यावं. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घालायलाही हरकत नाही, पण मागोमाग तेल लागलंच पाहिजे. नुसतं पाणी कातडी कोरडीच करतं.

अंघोळीबद्दल आणखी थोडं. कढत पाणी अंगावर घेतलं की खाजेला घटकाभर फार बरं वाटतं आणि तासाभरानं ती दुप्पट होते. पाणी कोमट असावं, अंघोळ पाच-दहा मिनिटांची. वजरी, घासणी, उटणं नको. साबण काखा आणि मळकट पाय एवढ्यापुरता. मग जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच मोरीच्या उंबऱ्यावर उभं करून मलम चोपडायचं. स्वेटर घालायचा तर आत सुती सदरा हवा. नखं आठवड्याला कापावीत. लस येत असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात लहान चमचाभर मीठ घालून त्याच्या घड्या दहा-दहा मिनिटं ठेवाव्यात.

बिब्बा, रॉकेल, चुना, लसूण ठेचून बांधणं, हे उपाय मात्र मी हात जोडून बंद करायला सांगतो. परीट लोक पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसानं खुणा करीत आणि नेमक्या त्या खुणेखाली कित्येकांच्या कातडीला फोड येत. धुतलेल्या कापडावरचा थेंब एवढं करतो, तर उघड्या जखमेवर तो काय करील?

शेतकरी बंधूंसाठी एक वेगळी गोष्ट. मोठ्या वयात प्रथमच पापण्या, मान आणि कोपरांच्या लवणी खाजू लागल्या, आणि शेतात गेलं की वाढतं, तर गाजर गवताचा संशय घ्या. ते परदेशातून आलेलं तण १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलं आणि मग देशभर पसरलं. त्याचा फुलोरा आणि वाळलेला भुगा वाऱ्यानं उडून कातडीला बाधतो. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, ते मुळासकट उपटावं. ज्याला त्रास होतो त्यानं स्वतः उपटू नये.

एवढं करूनही लाली हटली नाही तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. त्याला भिण्याचं कारण नाही, पण त्याच्याशी खेळूही नये. दुकानदारानं दिलेली तीन-चार औषधांची मिसळ असलेली नळी लोक नायट्यावरही लावतात, खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरत राहतो. म्हणून तर २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळी पिळावी. एवढं मलम दोन पंजांइतक्या जागेला पुरतं.

पिवळट खपल्या धरल्या, ताप आला, किंवा बारीक दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले, तर मात्र तेल-मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि चुलीपाशी बसणाऱ्या आयाबहिणींनी एक जपावं. व्हॅसलीन काय, तेल काय, कपड्यांत मुरलं की ते कापड भराभर पेटतं. मलम लावलेलं मूल चुलीजवळ, शेकोटीजवळ बसवू नका. चादरी-सदरे वरचेवर गरम पाण्यात धुवा. धुऊनही थोडा अंश राहतोच, तेव्हा जपणं सोडू नका.

त्या मुलीच्या शाळेला मी एक चिठ्ठी दिली. महिन्यानं ती पुन्हा आली तेव्हा कोपरं मऊ पडली होती, गुडघ्यांमागे अजून थोडं बाकी होतं. बाईंनी तिला पुन्हा मैत्रिणीशेजारी बसवलं होतं. दप्तरात व्हॅसलीनची लहान डबी असते, आणि मधल्या सुट्टीत आठवण करायचं काम त्या मैत्रिणीनं आपल्याकडे घेतलं आहे.