जुन्या संगणकाच्या केबली ओळखूया : आधी पिना मोजा, मग रांगा बघा



बऱ्याच शाळांत संगणक कक्षाच्या कपाटात जुन्या केबलींचं एक खोकं असतंच. कोणती केबल कशाची, हे कुणालाच सांगता येत नाही. मग एक दिवस ते खोकं भंगारात जातं आणि नेमक्या त्याच केबलीवाचून चांगला मॉनिटर किंवा प्रिंटर पडून राहतो. म्हणून आज केबलीचं टोक, म्हणजे कनेक्टर, कसा ओळखायचा ते पाहूया.

केबल हातात घेतली की तीन प्रश्न विचारा. आकार कोणता? पिना किती? त्या किती रांगांत आहेत? रंग शेवटी बघा, कारण फार जुन्या केबलींना ठरलेले रंग नव्हते.

१) पीएस/२ : गोल टोक, आत ६ पिना. आयबीएमच्या १९८७ सालच्या पीएस/२ संगणकांवरून हे नाव पडलं. जांभळं टोक कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. आकार अगदी सारखा असल्याने अदलाबदल होते आणि मग बहुतेक संगणकांवर दोन्ही चालत नाहीत. आपल्याला वाटतं, संगणक बिघडला! गोल टोक मोठं आणि ५ पिनांचं असेल, तर तो त्याहून जुना कीबोर्ड.

२) व्हीजीए : मॉनिटर आणि प्रोजेक्टरसाठी. १५ पिनांची जागा, तीन रांगांत ५-५-५. बहुधा निळा रंग, दोन्ही बाजूंना स्क्रू. अनेक केबलींत मधल्या रांगेतली ९ क्रमांकाची पिन मुळातच नसते. ती तुटली असं समजून केबल फेकू नका.

३) सीरियल : ९ पिना, दोन रांगांत ५ आणि ४. जुने माऊस आणि मोडेम यावर चालत.

४) पॅरलल : जुन्या प्रिंटरसाठी. केबलीच्या संगणकाकडच्या टोकाला २५ पिना, १३ आणि १२ अशा. प्रिंटरकडचं टोक रुंद असतं. त्यात पिनांऐवजी ३६ चपट्या पट्ट्या असतात आणि ते तारेच्या दोन कड्यांनी अडकवतात.

५) यूएसबी : १९९६ पासूनची. संगणकाकडचं टोक चपटं, प्रिंटरकडचं जवळपास चौकोनी.

६) नेटवर्क केबल : पारदर्शक प्लॅस्टिकचं टोक, ८ पट्ट्या. टेलिफोनच्या वायरचं टोक असंच दिसतं, पण अरुंद असतं.

आता दोन फसव्या जागा. १५ भोकं दोनच रांगांत दिसली, तर ते व्हीजीए नाही, जॉयस्टिक लावायचा गेम पोर्ट आहे. म्हणून नुसत्या पिना मोजून भागत नाही, रांगाही बघायच्या. दुसरी जागा २५ ची. संगणकाच्या मागे २५ भोकं असतील तर ते पॅरलल. पण २५ पिना बाहेर आलेल्या असतील तर ते जुनं सीरियल.

लावताना घ्यायची काळजी :
• पीएस/२ लावताना-काढताना संगणक बंद ठेवा. चालू असताना काढल्यास बोर्ड खराब होऊ शकतो.
• व्हीजीए, सीरियल, पॅरलल यांचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा असतो. रुंद बाजू रुंद बाजूशीच जुळवा.
• जोर लावू नका. नीट बसत नसेल तर दिशा चुकली आहे किंवा जागा चुकली आहे. वाकलेली पिन चिमट्याने हळूच सरळ होते, तुटली की केबल गेली.
• काढताना आधी स्क्रू सोडवा. वायर धरून ओढू नका, टोक धरा.

चौथी-पाचवीच्या मुलांसाठी हा छान उपक्रम होतो. गटागटाने केबली द्या, पिना मोजू द्या, वहीत टोकाचं चित्र काढून ठिपक्यांनी पिना दाखवू द्या. शेवटी प्रत्येक केबलीला नावाची चिठ्ठी चिकटवा. मोजणी, निरीक्षण आणि वर्गीकरण, तिन्हींचा सराव होतो. आणि पुढच्या वेळी प्रोजेक्टर लावायचा असेल तेव्हा केबल शोधत बसावं लागत नाही.