वन्य भात आणि तणांचा रासायनिक रोध

भाताच्या एखाद्या वाणाभोवती तण कमी उगवले, तर त्याचे श्रेय लगेच रसायनास देणे युक्त नव्हे. उंच व दाट वाढणारे भात नुसत्या सावलीनेही तणास मागे सारते. एका वनस्पतीने सोडलेल्या द्रव्याचा दुसरीवर होणारा परिणाम, ज्यास हान्स मोलिश यांनी १९३७ साली अ‍ॅलिलोपथी हे नाव दिले, तो या स्पर्धेतून वेगळा काढणे हीच या विषयातील खरी अडचण होय. बशीत पेंढ्याचा अर्क ओतून बी रुजत नाही असे दाखविणारे प्रयोग विपुल आहेत. पण अर्काची तेवढी तीव्रता खाचरात कधी असते काय, हे त्यांपैकी पुष्कळांत पाहिलेलेच नसते.

भाताच्या बाबतीत ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली आहे. १९७३ मध्ये जपानात भाताच्या तुसांतून मोमिलॅक्टोन ए व बी ही वाढरोधक द्रव्ये वेगळी करण्यात आली (जपानी भाषेत मोमी म्हणजे साळ). मोमिलॅक्टोन बी जिवंत मुळांतूनही स्रवते, असे पुढे दिसून आले. त्यांची जनुके चौथ्या गुणसूत्रावर एकमेकांशेजारी वसलेली आहेत. त्यांपैकी काही निकामी असलेल्या रोपांची तणरोधक शक्ती उणावते, हे २०१२ साली सिद्ध झाले. तुलना एकाच वाणाच्या रोपांची असल्याने स्पर्धेची सबब येथे फारशी उरत नाही.

ही शक्ती शेतकऱ्याच्या निवडीतून आली काय? वन्य जातींवरून तसे दिसत नाही. आशियाई भाताची पूर्वज ओरायझा रुफिपोगॉन, म्हणजे आपल्याकडील देवभात, आणि दूरच्या नात्याची आफ्रिकी ओरायझा पंक्टाटा या दोहोंत हा जनुकसमूह आढळतो. ओरायझा ब्रॅकिअँथात तो नाही. अर्थात तो लागवडीहून फार प्राचीन आहे.

तणनाशकांस दाद न देणारी तणे वाढत असल्याने या गुणाकडे पैदासकारांचे लक्ष वळले. चीनमधील युनान प्रांतात ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या आफ्रिकी बहुवर्षायू जातीचा भाताशी संकर करून तणरोधक वंश निवडण्याचे काम झाले आहे. तथापि खाचरातील प्रमुख शत्रू एकायनोक्लोआ क्रस-गॅली याच्याही जनुकसंचात मोमिलॅक्टोन ए घडविणारा समूह असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. तेव्हा संकरजांची परीक्षा मूग किंवा लेट्यूसच्या बियांवर न करता याच तणावर, आणि तीही मातीत, व्हावयास हवी.