मॅमथ गुहेतील अठ्ठावीस तासांचा दिवस

निद्रा हा विषय शरीरक्रियाशास्त्राच्या दप्तरी फार काळ जवळजवळ बेदखलच राहिला. हृदय, पचन, श्वसन यांच्या मापनासाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण मनुष्य आयुष्याचा जो सुमारे तिसरा हिस्सा झोपेत घालवतो, त्यास जागृतीचा निव्वळ अभाव मानून विद्वज्जनांनी त्याची फारशी चौकशी केली नाही. ही उणीव भरून काढण्यास ज्यांनी आपली हयात वेचली, ते नॅथॅनियल क्लाइटमन १८९५ मध्ये, त्या काळी रशियन साम्राज्यात मोडणाऱ्या किशिनेव्ह शहरी जन्मले, १९१५ मध्ये अमेरिकेस आले आणि १९२३ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून पुढे तेथेच संशोधन करीत राहिले.

स्वतःच्या देहावर प्रयोग करण्यास ते कधी कचरले नाहीत. एकदा तर ते सलग १८० तास जागे राहिले. आपल्या मुलींच्या झोपेच्या नोंदीही त्यांनी ठेवल्या. मनुष्याचा चोवीस तासांचा क्रम जन्मजात नसून, तान्हेपणापासून कुटुंबाच्या आणि सूर्याच्या शिस्तीने अंगवळणी पडतो, असा त्यांचा कल होता. आणि तो पारखून घेण्यासाठी, जेथे सूर्याची शिस्त पोहोचत नाही असे स्थळ त्यांना हवे होते.

ते केंटकीतील मॅमथ गुहेत सापडले. १९३८ च्या जूनमध्ये त्रेचाळीस वर्षांचे क्लाइटमन आणि विशीतले त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन तेथे उतरले व ३२ दिवस राहिले. तापमान अहोरात्र ५४ अंश फॅरनहाइट, ओल भरपूर, आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून पलंगांचे पाय डब्यांत ठेवलेले, अशा त्या मुक्कामात त्यांनी अठ्ठावीस तासांचा दिवस मुक्रर केला: एकोणीस तास जागृती, नऊ तास शय्या. सात दिवसांच्या आठवड्याचे १६८ तास अशा सहा दिवसांत नेमके बसतात. म्हणून शरीराचे तापमान आठवड्यात सहा वेळा चढते-उतरते की सात वेळा, एवढे पाहिले की शरीर नव्या कायद्यास वश झाले की जुन्याच कायद्यास चिकटून राहिले, याचा निवाडा होणार होता.

निवाडा दुभंगलेला निघाला. रिचर्डसनांचे तापमान पहिल्या आठवड्यातच नव्या क्रमास लागले. गुरूंचे मात्र जुन्याच चोवीस तासांनी चालत राहिले, आणि त्यांची झोप बिघडली. स्वतःचे शरीरच आपल्या मतास अनुकूल साक्ष देत नाही, हे क्लाइटमन यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून जाहीर केले. दोनच माणसांचा हा प्रयोग असूनही त्याचे मोल मला मोठे वाटते ते याच सचोटीमुळे. हालचालीने तापमान वाढते व झोपेने उतरते, त्यामुळे रिचर्डसनांच्या आलेखावरून त्यांचे अंतःस्थ घड्याळ खरोखर बदलले असे खात्रीने म्हणता येत नाही, हा आक्षेप पुढे निघाला आणि तो रास्तच आहे.

हीच सचोटी १९५० नंतरच्या वर्षांत पुन्हा कामी आली. त्यांचे विद्यार्थी यूजीन अ‍ॅसेरिन्स्की यांना, आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या निद्रेचा आलेख घेताना, मिटल्या पापण्यांखाली डोळे ठरावीक काळाने वेगाने फिरतात असे आढळले. निद्रा म्हणजे मेंदूची निष्क्रियता, या समजुतीस हे प्रत्यक्ष आव्हान होते. क्लाइटमन यांनी शंका घेतली, आणि शंकानिरसनासाठी स्वतःच्या मुलीवरच तो प्रयोग करवून पाहिला; खात्री पटताच १९५३ मध्ये दोघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. डोळे फिरत असताना झोपलेल्यांना उठवून विचारणा केली, तेव्हा २७ पैकी २० वेळा तपशीलवार स्वप्ने ऐकावयास मिळाली.

गुहेतल्या अठ्ठावीस तासांच्या दिवसाचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून हा वृत्तांत अपुरा राहील. १९६० नंतर जर्मनीत युर्गेन आशॉफ यांनी भूमिगत कोठड्यांत माणसे ठेवली, तेव्हा मानवी चक्र सुमारे पंचवीस तासांचे दिसले; पण त्या माणसांना दिवे हवे तेव्हा लावण्याची मुभा होती, आणि उशिरा पडणारा प्रकाश घड्याळास मागे रेटतो. हार्वर्डचे चार्ल्स झायस्लर यांनी प्रकाश अगदी मंद ठेवून, शरीरास ज्याचा पाठलागच करता येणार नाही असा अठ्ठावीस तासांचा दिवस पुन्हा योजला. त्याने घड्याळाची स्वतःची गती उघडी पडली आणि ती सरासरी २४ तास ११ मिनिटे भरली. म्हणजे गुहेत गुरूंच्या देहाने दिलेली साक्षच खरी होती. झायस्लर यांचा हा निबंध १९९९ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी, क्लाइटमन निवर्तले.