वाटेत कोण भेटतं?

आफ्रिकेतल्या खेड्याची ओळख लहान मुलांना करून देणारी दोन चित्रपुस्तकं आज शेजारी-शेजारी ठेवू या. दोन्हींचं कथानक जवळपास एकच आहे. एक मूल आपल्या माणसाकडे दुसऱ्या गावी निघतं, आणि डोक्यात विचार असतो भेटवस्तूचा.

पहिलं आयलीन ब्राउन या ब्रिटिश लेखिकेचं ‘हांडाज सरप्राइज’, १९९४ सालचं. केनियातली हांडा टोपलीत सात फळं घेऊन मैत्रिणीकडे निघते. केळं, पेरू, आंबा, अननस, सगळी ओळखीची. वाटेत माकड, शहामृग, झेब्रा, हत्ती, जिराफ अशी मंडळी मागच्या मागे एकेक फळ लांबवतात. हांडाला पत्ता नाही, पण वाचणाऱ्या मुलाला सगळं दिसतं! पुस्तकाची खरी गंमत तीच.

दुसरं इफेओमा ओन्येफुलू या नायजेरियन लेखिकेचं ‘एमेकाज गिफ्ट’, १९९५ सालचं. यात चित्रं नाहीत, छायाचित्रं आहेत. एमेका आजीकडे निघालाय, हात रिकामे आहेत. वाटेत झाडू दिसतात, माळा दिसतात, पाण्याचे घडे दिसतात. आजीला काय आवडेल? मूल त्याच्याबरोबर एक, दोन, तीन मोजत जातं. शेवटी आजीच्या लेखी नातू आला हीच भेट ठरते.

आता फरक बघा. हांडाच्या वाटेवर प्राणी भेटतात, एमेकाच्या वाटेवर माणसं आणि त्यांच्या रोजच्या वस्तू.

इथे न्यायदर्शन कामाला येतं. धूर आणि अग्नी वारंवार एकत्र दिसले की ‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशी व्याप्ती मनात बसते. पण लहान मुलाला ‘वारंवार’ची गरजच नसते, एक पुस्तक पुरतं. जिथे आफ्रिका तिथे हत्ती! हे सगळे प्राणी एका पाऊलवाटेवर ओळीने येणं हा गोष्टीतला खेळ आहे, हे केनियातल्या मुलाला सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या मुलाला ते कोण सांगणार? उद्या वर्गात नैरोबीचा मुलगा शेजारी बसला, तर त्याला पहिला प्रश्न सिंहाबद्दलच विचारला जाईल. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेल, पण ऐकणारा मात्र एकटा पडेल.

मग हांडाचं पुस्तक काढून टाकायचं का? मुळीच नाही. व्याप्ती मोडायला एक उलट उदाहरण पुरतं. नैयायिक त्याला व्यभिचार म्हणतात. शब्दाने दचकू नका! हांडाच्या शेजारी एमेकाला ठेवा. मग लागोससारख्या महानगरातलं, उंच इमारतींमधलं एखादं पुस्तक आणा. आफ्रिकेत ५४ देश आहेत, एका खेड्यात ते कसे मावतील?

आणि वाचून झालं की मुलाला एवढंच विचारा: आजीकडे जाताना तू काय नेशील? उत्तर शोधताना ते एमेकाच्या बरोबरीने चालायला लागतं. दुसऱ्याला ओळखण्याची सुरुवात तिथून होते.