येळवशीची आंबील

येळवशीला लातूर शहरात चहाची टपरी उघडी सापडणं मुश्कील. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला अख्खं गाव शिवारात, कडब्याच्या कोपीपुढे पंगत धरून बसलेलं असतं. पानात भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. शेजारी मातीच्या बिंदगीत आंबील. भज्जीचं कौतुक सगळेच करतात, माझा जीव आंबिलीत.

रीत घरागणिक वेगळी. आमच्याकडे ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर चुलीच्या उबेला ठेवतात. सकाळी झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. मग आधणात सोडून गुठळी न होऊ देता शिजवायचं. निवल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, मीठ.

त्या एका रात्रीत बरंच घडतं. ज्वारी तशी हट्टी. तिच्यातलं काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजलं की मऊ पडायचं सोडून आपसांत गंधकाचे बंध बांधतं आणि पाचकरसांना दाद देत नाही. भाताचं किंवा गव्हाचं असं एवढं होत नाही. दुसरी अडचण फायटिक आम्लाची. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, म्हणजे धान्यात लोह असूनही अंगी कमीच लागतं. आंबवल्यावर दोन्ही गाठी सैल होतात. ताकातले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. वाढलेल्या आंबटपणात धान्यातलं फायटेज हे विकर जोमानं काम करतं, प्रथिनही पचायला हलकं होतं आणि बहुतेक रोगजंतूंचा टिकाव लागत नाही.

आंबवण्याची ही युक्ती दूरदेशीही चालते. समुद्र नसलेल्या लाओसमध्ये नदीतली मासळी मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन्‌महिने मुरवून ‘पादेक’ करतात. तिथेही लॅक्टिक आम्लाचे जिवाणू राबतात. फक्त मीठ भरपूर, म्हणून चाल संथ.

बिंदगीचीही एक गंमत. तिच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून उन्हातही आंबील गार राहते. आता स्टीलच्या कॅनमधून नेतात. सोय होते, पण दुपारी ती कोमट लागते.

शिजवताना रात्रीचे जिवाणू मरतात, पण वरून घातलेल्या ताकातले जिवंतच असतात आणि दिवसभर आंबटपणा वाढवत राहतात. म्हणून दुपारी दोन वाट्या रिचवलेली तीच आंबील, उरलेली दिवेलागणीला घरी आणली की पोरं पहिल्याच घोटाला डोळे मिटून घेतात.