१९२ चॅनलचा छोटा बोर्ड

ऑर्केस्ट्रा असो, लावणीचा कार्यक्रम असो की गणपतीचा मांडव, रंगमंचावर आज एखादी तरी ‘शार्पी’ फिरत असते. (मूळ शार्पी इटलीच्या क्ले पाकी कंपनीची, आपल्याकडे कुठल्याही फिरत्या बीमला हेच नाव पडलं आहे.) दिवे भाड्याने सहज मिळतात. ते चालवायला शिकायचं कशावर, हा नवख्यापुढचा खरा प्रश्न. लॅपटॉप घे आणि सॉफ्टवेअर टाक, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. सुरुवात १९२ चॅनलच्या साध्या, स्वस्त बोर्डावर करावी, कारण तो शिकणाऱ्यापासून काहीच लपवत नाही.

हे सगळे दिवे ‘डीएमएक्स ५१२’ या पद्धतीने चालतात. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये ठरवली. एका केबलमधून ५१२ चॅनल जातात, प्रत्येकावर ० ते २५५ मधला एक आकडा, आणि हे आकडे सेकंदाला ४४ वेळांपर्यंत नव्याने पाठवले जातात. आपले आकडे कितव्या चॅनलपासून सुरू होतात एवढंच दिव्याला माहीत असावं लागतं. तोच त्याचा पत्ता. छोट्या बोर्डावर १२ दिव्यांची बटणं असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १६ चॅनल. म्हणून पत्ते १, १७, ३३, ४९ असे थेट १७७ पर्यंत जातात. दुसऱ्या दिव्यावर १७ ऐवजी १० टाकला, तर पहिल्याचा गोबो (झोतातली नक्षी) बदलायला जावं आणि दुसऱ्याने मान वळवावी, असा प्रकार होतो. दिव्यावर चुकीचा पत्ता टाकला तर सॉफ्टवेअरही फसतं, पण तिथे पडद्यावर सगळं ठीकठाक दिसत राहतं. डिमर पूर्ण वर आणि तरी अंधार, ही नवख्याची दुसरी फजिती. शटरचा चॅनल शून्यावर असतो, नाहीतर ब्लॅकआउट चालू राहिलेला असतो. दोन्ही गोष्टी इथे हाताखालीच सापडतात.

पॅनचं, म्हणजे दिव्याची मान आडवी फिरवण्याचं, उदाहरण याहून बोलकं आहे. शार्पीची मान ५४० अंश फिरते. ती एकाच चॅनलवर चालवली तर २५५ टप्प्यांत एक टप्पा साधारण २.१ अंशांचा पडतो. म्हणजे १० मीटरवर उभ्या गायिकेच्या चेहऱ्यावर झोत आणताना फेडर केसभर हलला तरी तो सुमारे ३७ सेंटिमीटर सरकणार. म्हणूनच दिव्याला ‘पॅन फाइन’ हा वेगळा चॅनल असतो. तो या प्रत्येक टप्प्याचे आणखी २५६ भाग करतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मिळून एकच चकती दिसते, त्यामुळे फाइन चॅनल कशासाठी आहे हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. १६ चॅनलच्या पुढचा दिवा या बोर्डाच्या एका बटणात मावत नाही. शार्पीचाही २० चॅनलचा मोड बाजूला ठेवून १६ चा घ्यावा लागतो. साठवलेला सीन बदलायचा तर कंटाळा येतो. नाटकासाठी तर मी हा बोर्ड सुचवणारच नाही, कारण प्रत्येक क्यूला स्वतःचा फेडचा वेळ देण्याची सोय त्यावर सहसा नसते. शिवाय मोठ्या कन्सोलवर आकड्यांना हातच लावावा लागत नाही, लाल निवडला की लाल येतो, मग ही उठाठेव कशाला, असंही विचारलं जातं. पण त्या कन्सोलवरही आधी कुणीतरी बसून दिव्यांचे पत्ते जुळवलेले असतात, आणि ऐन कार्यक्रमात एक दिवा रुसला की प्रश्न पुन्हा त्या पत्त्यापाशी किंवा केबलपाशीच येतो.

केबलच्या बाबतीत मात्र कुठलाच बोर्ड मदतीला येत नाही. तीन पिनांची माइकची केबल दिव्यात चपखल बसते आणि थोड्या अंतरावर बहुधा चालतेही; लांब मांडवात तीच वापरली की दिवे मधूनच झटके देऊ लागतात. डीएमएक्सची केबल १२० ओहमची असते. रांगेतल्या शेवटच्या दिव्याच्या ‘आउट’मध्ये, दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर जोडलेला प्लग खोचायचा असतो. पत्ते बरोबर असून दिवे उड्या मारत असतील, तर बोर्ड बदलण्याआधी तो प्लग जागेवर आहे का ते बघावं.