ग्राफिक्स कार्डाला पाण्याचा गारवा. उष्णता मात्र खोलीतच

संगणकातील ग्राफिक्स कार्ड निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. खेळांतील दृश्ये अधिक सुरळीत दिसावीत यासाठी हौशी मंडळी हा खटाटोप करतात. मात्र वेगाबरोबर उष्णताही वाढते आणि ती वेगाहून बरीच अधिक वाढते.

चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतोच. शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर वीजवापर सुमारे ३३ टक्के वाढतो. एनव्हीडियाने २०२२ मध्ये आणलेले आरटीएक्स ४०९० हे कार्ड मुळातच ४५० वॅटचे. ढोबळ हिशेबाने ते ६०० वॅटच्या घरात जाईल. ही बहुतेक सारी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते आणि तिचा मोठा भाग तळहाताहून लहान चिपमधून बाहेर पडतो.

येथे पाणी कामास येते. समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. चिपवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातील बारीक खाचांतून पंप पाणी खेळवतो. मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल, तर ६०० वॅट उष्णता घेऊनही ते एका फेरीत जेमतेम दोन अंशांनी तापते. पुढे रेडिएटर व पंखे ती उष्णता हवेत सोडतात.

म्हणजेच पाणी उष्णता नाहीशी करत नाही, केवळ वाहून नेते. हा शीतकपाट नव्हे. मे महिन्यात नागपूर किंवा दिल्लीत खोलीचे तापमान ३८ अंश असेल, तर फिरणारे पाणी त्याहून गरमच राहणार आणि चिप त्याहूनही गरम. यात एक फायदाही आहे : पाणी खोलीपेक्षा थंड होत नसल्याने नळ्यांवर दव धरत नाही. बर्फाचे पाणी फिरवण्याचा मोह मुंबईसारख्या दमट हवेत कार्डाच्या जिवावर बेतू शकतो.

एएमडीने एप्रिल २०१४ मध्ये दोन चिपचे, ५०० वॅटचे आर९ २९५एक्स२ हे कार्ड कारखान्यातूनच पाण्याच्या शीतकासह बाजारात आणले. किंमत १,४९९ डॉलर. पाणी दोन्ही चिपपुरतेच होते. व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागांसाठी कार्डावर स्वतंत्र पंखा ठेवावा लागला. घरी जोडणी करणारे नेमके हेच विसरतात. चिप थंड, पण शेजारचे भाग तापलेले, अशी स्थिती कार्डास घातकच. म्हणून मेमरी आणि हे भागही झाकणारा पूर्ण आकाराचा ठोकळा घेणे श्रेयस्कर.

लाभ किती? आजच्या कार्डांवर व्होल्टेज आणि वीजवापराच्या मर्यादा निर्मात्यानेच घातलेल्या असतात. त्यामुळे वेगातील वाढ बहुधा काही टक्क्यांपुरतीच राहते. पंख्यांचा गोंगाट घटणे आणि वेग स्थिर राहणे, हाच खरा लाभ. केवळ तापमान कमी करायचे असेल, तर व्होल्टेज किंचित उतरवणे हा बिनखर्चाचा उपाय अधिक शहाणपणाचा.

तरीही पाण्याच्याच वाटेने जाणाऱ्यांनी नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षारांचे थर खाचांत साचतात. तांबे आणि ॲल्युमिनियमचे भाग एकाच प्रवाहात जोडल्यास ॲल्युमिनियम गंजते. जोडणी झाल्यावर संगणक बंद ठेवून, केवळ पंपाला वीज देऊन पाणी काही तास फिरवावे आणि सांध्यांखाली कोरडा कागद पसरून ठेवावा. गळती असेल तर ती कागदावर दिसेल, कार्डावर नव्हे.